लेन्सची निवड : अंतर, उजेड आणि माउंट

कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८ ते ५५ मिमीची किट लेन्स वर्षभर वापरून झाली की पुढची लेन्स कोणती घ्यावी, हा प्रश्न बहुतेक हौशी छायाचित्रकारांना पडतो, आणि दुकानदार, मित्र व जाहिराती यांच्याकडून मिळणाऱ्या परस्परविरोधी सल्ल्यांमुळे तो सुटण्याऐवजी अधिकच गुंतत जातो. ‘पक्ष्यांसाठी ६०० मिमीच हवी’, ‘घरच्या कार्यक्रमांना ५० मिमी पुरते’, ‘एकच १८ ते ३०० मिमी घ्यावी, म्हणजे पुन्हा पाहायला नको’ ही विधाने खोटी नसली तरी अर्धवट असतात. छायाचित्रकाराला विषयापासून किती अंतरावर उभे राहता येणार आहे आणि तेथे उजेड किती असणार आहे, याचा त्यांत विचारच नसतो. लेन्सची निवड मुख्यतः या दोन गोष्टींवर ठरते, तर ती आपल्या कॅमेऱ्यावर चालेल की नाही, हे माउंटवर ठरते.

आधी जुनी छायाचित्रे तपासावीत

दुकानात जाण्यापूर्वी वाचकांनी गेल्या वर्षभरात काढलेली आणि जपून ठेवावीशी वाटलेली छायाचित्रे संगणकावर उघडावीत. प्रत्येक छायाचित्राच्या तपशिलात फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ यांची नोंद असते, व त्या नोंदींवरून पुढीलप्रमाणे अनुमान काढता येते.

- बरीचशी छायाचित्रे ५५ मिमीवर काढलेली असून ती नंतर कातरावी लागली असतील, तर गरज लांब पल्ल्याच्या लेन्सची आहे.
- बहुतेक छायाचित्रे १८ मिमीवर असून तरीही कडेची माणसे किंवा कळस कापले गेले असतील, तर वाइड लेन्सचा विचार करावा.
- फोकल लेंग्थ कोणतीही असो, पण आयएसओ सतत ३२०० च्या वर गेलेला असेल किंवा माणसे हललेली दिसत असतील, तर उणीव पल्ल्याची नसून उजेडाची आहे आणि मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स हवी आहे.
- वरीलपैकी काहीच आढळले नाही, तर सध्या नवी लेन्स घेण्याचे कारण नाही. तोच पैसा प्रवासावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

तीन आकडे आणि एक गणित

लेन्सवरील मिलिमीटरमधला आकडा म्हणजे तिची फोकल लेंग्थ होय. हा आकडा जितका लहान तितका दृश्याचा अधिक रुंद भाग चौकटीत मावतो, आणि जितका मोठा तितका लहान भाग मोठा होऊन दिसतो. दुसरा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या मापाचा असतो. फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासाने भागून तो मिळत असल्यामुळे आकडा लहान तर छिद्र मोठे, असा त्याचा उलटा हिशोब आहे. किट लेन्स ५५ मिमीवर जास्तीत जास्त एफ ५.६ इतकी उघडते, तर ५० मिमी एफ १.८ ही स्वस्तातली लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजेच जेथे किट लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागत होता, तेथे या लेन्सला साधारण दीडशेवा भाग पुरतो, आणि मान वळवणाऱ्या मुलाचा चेहरा स्पष्ट येतो.

तिसरा आकडा लेन्सचा नसून कॅमेऱ्याच्या सेन्सरचा आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्म यांच्या क्रॉप सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिमी, तर कॅननच्या क्रॉप सेन्सरची सुमारे २२.३ मिमी असते. क्रॉप सेन्सरवर लेन्सची फोकल लेंग्थ वाढत नाही, फक्त दृश्याचा मधला भागच नोंदला जातो. त्यामुळे ५० मिमीची लेन्स तेथे फुल फ्रेमवरील ७५ ते ८० मिमीइतके दृश्य दाखवते.

हे तीन आकडे कळले की एक साधे गणित पुष्कळसे वाद मिटवते. विषयाचे अंतर सेन्सरच्या रुंदीने गुणून फोकल लेंग्थने भागले असता त्या अंतरावर किती रुंद दृश्य चौकटीत मावेल, हे कळते. बारा फूट लांबीच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून उभे राहिले आणि माणसे तीन मीटरवर असली, तर क्रॉप सेन्सरवर ५० मिमीच्या लेन्समध्ये सुमारे १.४ मीटर रुंदीचे दृश्य मावते, म्हणजे जेमतेम दोन माणसे. ३५ मिमीमध्ये दोन मीटर आणि २४ मिमीमध्ये जवळपास तीन मीटर. क्रॉप सेन्सर वापरणाऱ्यांना सरसकट ‘फिफ्टी’ घेण्याचा सल्ला देणाऱ्यांनी शहरातील फ्लॅटची बैठकीची खोली मोजलेली नसावी.

घर, बारसे, लग्न

घरगुती समारंभात उजेड कमी आणि जागा अपुरी, या दोन्ही अडचणी एकत्र येतात. त्यामुळे क्रॉप सेन्सरवर ३५ किंवा २४ मिमीच्या आसपासची एफ १.८ किंवा एफ २ ची प्राइम लेन्स, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची, झूम नसलेली लेन्स, ही पहिली निवड असावी. ५० मिमी ही तेथे व्यक्तिचित्रांची लेन्स ठरते, आणि त्या कामासाठी ती उत्तम आहे. फुल फ्रेमवर हेच काम ८५ मिमी करते. व्यक्तिचित्र वाइड लेन्सने काढल्यास चौकट भरण्यासाठी चेहऱ्याच्या फार जवळ जावे लागते आणि त्या जवळिकीमुळे नाक मोठे व कान लहान दिसतात. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो.

मोठ्या अ‍ॅपर्चरची किंमत मात्र दुसऱ्या बाजूने चुकवावी लागते. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लेन्स एफ १.८ वर ठेवून दीड मीटरवर फोकस केला, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली सहा-साडेसहा सेंटीमीटरच असते. पाळण्यावर वाकलेल्या आत्याचा चेहरा स्पष्ट आणि बाळाचा धूसर, असे बारशाचे छायाचित्र येते ते यामुळेच. दोन चेहरे वेगवेगळ्या अंतरावर असताना एफ ४ पर्यंत यावे आणि त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर खुशाल वाढवावा. थोडे दाणेदार छायाचित्र चालून जाते. फोकस चुकलेले दुरुस्त करता येत नाही.

लग्नात क्षण पुन्हा घडवता येत नसल्यामुळे झूमला पर्याय नाही. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी वधू-वर, अंतरपाट धरणारे आणि दोन्हीकडचे मामा मिळून जवळपास तीन मीटर रुंदीचे दृश्य असते. छायाचित्रकार तीन मीटरवर उभा असेल, तर क्रॉप सेन्सरवर २३-२४ मिमी लागतात. हेच दृश्य ५० मिमीत बसवायचे झाल्यास विषयापासून एकवीस फुटांवर जावे लागेल, आणि त्या एकवीस फुटांत अक्षता घेतलेले पाहुणे उभे असतात. म्हणूनच व्यावसायिक छायाचित्रकार फुल फ्रेमवर २४ ते ७० मिमी आणि ७० ते २०० मिमी या दोन एफ २.८ झूम लेन्स दोन वेगळ्या बॉडींवर लावून ठेवतात. क्रॉप सेन्सर वापरणाऱ्यांना सिग्माची १८ ते ५० मिमी किंवा टॅमरॉनची १७ ते ७० मिमी या एफ २.८ लेन्स बऱ्याच कमी वजनात आणि खर्चात तेच काम करून देतात; आपल्या माउंटसाठी त्या मिळतात की नाही, एवढे पाहून घ्यावे.

सामूहिक छायाचित्रासाठी अतिवाइड लेन्स वापरू नये, कारण तिच्यात कडेला उभी असलेली माणसे आडवी ताणली जातात, आणि कडेला सहसा घरातल्या वयस्कर मंडळींनाच उभे केलेले असते.

पक्षी आणि वन्य प्राणी

सर्वाधिक पैसा या विभागात खर्च होतो आणि सर्वाधिक निराशाही येथेच पदरी पडते. पक्ष्यांसाठी लागणारा पल्ला आणि वाघासाठी लागणारा पल्ला एकच असतो, हा समज त्याच्या मुळाशी आहे.

उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला होडीतून रोहित पक्षी पाहताना अंतर चाळीस मीटर धरले, तर क्रॉप सेन्सरवर ४०० मिमीची लेन्स सुमारे १.५६ मीटर उंचीचे दृश्य टिपते, आणि सव्वा-दीड मीटर उंचीचा रोहित त्यात डोक्यापासून पायापर्यंत व्यवस्थित मावतो. त्याच लेन्ससमोर पंधरा मीटरवर, चोचीपासून शेपटीपर्यंत सोळा-सतरा सेंटीमीटरचा लहान खंड्या बसला असेल, तर तो चौकटीच्या रुंदीचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापतो; ६०० मिमीवरही तो एक चतुर्थांशाच्या थोडा पुढे जातो. लहान पक्ष्यांच्या बाबतीत कोणताही पल्ला अखेर अपुराच ठरत असल्याने लेन्सपेक्षा स्थिर बसण्याच्या तयारीवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

ताडोब्यात चित्र नेमके उलटे असते. वाघ पुष्कळदा जिप्सीच्या रस्त्यानेच चालत येतो आणि पर्यटकांना गाडीतून उतरण्याची किंवा गाडी मनाप्रमाणे मागे घेण्याची मुभा नसते. शेपटी सोडून पावणेदोन मीटरच्या आसपास लांबीचा वाघ वीस मीटरवरून आडवा गेला, तर क्रॉप सेन्सरवरील ६०० मिमीच्या चौकटीत पाऊण मीटरभर दृश्य मावते, म्हणजे फक्त डोके आणि खांदा. २०० मिमीमध्ये मात्र अख्खा वाघ मावून भोवतीचे थोडे रानही दिसते. जंगल सफारीसाठी १०० ते ४०० मिमीची झूम ही १५० ते ६०० मिमीपेक्षा अधिक उपयोगी ठरते, आणि ज्यांना दोन बॉडी बाळगणे शक्य आहे, त्यांनी दुसरीवर ७० ते २०० मिमी लावावी.

या लेन्सबाबत आणखी काही गोष्टी लक्षात घ्याव्यात.

- वजन. निकॉनची २०० ते ५०० मिमी एफ ५.६ ही लोकप्रिय लेन्स सुमारे २.३ किलो वजनाची आहे. ती दुकानात दोन मिनिटे धरून पाहणे आणि होडीत दोन तास हातात धरणे यांत फरक आहे. जिप्सीत ट्रायपॉड उभारायला जागा नसते. गाडीच्या दांड्यावर ठेवायची बीनबॅग तेथे उपयोगी पडते.
- पहाटेचा उजेड. सफारीची पहिली तासाभराची वेळ अंधुक असते आणि एफ ६.३ ची लेन्स तेव्हा आयएसओ बराच वर नेते. याला उपाय म्हणून मिळणाऱ्या ४०० मिमी एफ २.८ सारख्या लेन्सच्या किमती लाखांच्या घरात आहेत. हौशी छायाचित्रकाराने त्यांच्या मागे लागू नये.
- टेलिकन्व्हर्टर. बॉडी व लेन्स यांच्यामध्ये बसणारे हे जोडभिंग १.४ पटीचे असल्यास प्रकाश निम्मा आणि २ पटीचे असल्यास पाव करते. एफ ६.३ च्या लेन्सवर ते लावल्यास बऱ्याच डीएसएलआर कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस अडखळतो किंवा बंद पडतो.
- उन्हाची झळ. सकाळ सरल्यावर पाण्यावरची तापलेली हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी पुसट येतो. याला कोणतीही लेन्स उपाय नाही. जवळ जाणे किंवा पहाटे पोहोचणे एवढेच हाती असते.

वर्षातून एकदाच जंगलात जाणाऱ्यांनी ही लेन्स विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यावी. मुंबई-पुण्यात अशी सोय सहज उपलब्ध आहे. लेन्स ताब्यात घेताना भिंगावरील ओरखड्यांची व डागांची छायाचित्रे भाडे देणाऱ्यासमोरच काढून ठेवावीत, म्हणजे अनामत रक्कम परत घेताना वाद होत नाही.

फुले आणि कीटक

मॅक्रो लेन्स म्हणजे जी १:१ मापाची, अर्थात वस्तू जेवढी तेवढीच प्रतिमा सेन्सरवर उतरवते ती. अनेक झूम लेन्सवर केवळ ‘मॅक्रो’ असे छापलेले असते, पण त्यांचे माप १:३ किंवा १:४ च्या पुढे जात नाही. निकॉन अशा लेन्सना मायक्रो म्हणते. खरेदी करताना येथे महत्त्वाचा ठरतो तो लेन्सच्या टोकापासून विषयापर्यंतचा मोकळा भाग. ६० मिमीच्या लेन्समध्ये पूर्ण मापावर तो दहा सेंटीमीटरच्या आत येतो, त्यामुळे फुलपाखरू उडून जाते आणि लेन्सची सावलीही विषयावर पडते; ९० ते १०५ मिमीमध्ये तो साधारण १३ ते १५ सेंटीमीटर मिळतो. किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेले असल्यामुळे माहितीपत्रकातला आकडा पाहून फसगत होऊ शकते.

कास पठारासाठी वेगळा विचार करावा लागतो. तेथे सीतेची आसवे किंवा दवबिंदू यांसारख्या चिमुकल्या वनस्पतींच्या जवळ जाण्यासाठी पायवाट सोडली, तर शेजारची दहा रोपे पायाखाली जातात. अशा जागी जवळ फोकस करू शकणारी टेली झूम मॅक्रोपेक्षा सोयीची ठरते. कॅननच्या १०० ते ४०० मिमी लेन्सची दुसरी आवृत्ती ९८ सेंटीमीटरवरून जवळजवळ १:३ मापाची प्रतिमा देते आणि वाटेवरूनच काम होते.

गड, आकाश, लेणी

निसर्गचित्रे बहुधा ट्रायपॉडवर, एफ ८ किंवा एफ ११ वर काढली जातात. त्यामुळे केवळ त्यासाठी एफ २.८ ची वाइड झूम घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. फुल फ्रेमवर १६ ते ३५ मिमी एफ ४ आणि क्रॉप सेन्सरवर १० ते २० मिमीच्या आसपासची कोणतीही लेन्स पुरते. एफ १६ च्या पुढे छिद्र फार लहान झाल्याने प्रकाश पसरतो व चित्र मऊ होते, हे ध्यानात ठेवावे. पुढचे भिंग फुगीर असलेल्या अतिवाइड लेन्सवर साधा फिल्टर बसत नाही, आणि सह्याद्रीच्या पावसात तो नसणे त्रासाचे ठरते. लेन्सला पाणीरोधक गॅस्केट असले, तरी बॉडीला तसे संरक्षण नसेल तर त्याचा पुरता उपयोग होत नाही.

आकाशगंगेसाठी मात्र एफ २.८ किंवा त्याहून मोठे अ‍ॅपर्चर हवेच. तारे रेघांसारखे ताणले जाऊ नयेत म्हणून ५०० ला फुल फ्रेमच्या तुलनेतील फोकल लेंग्थने भागून येतील तेवढ्याच सेकंदांचे एक्स्पोजर देण्याची रीत आहे. २४ मिमीला ते सुमारे २० सेकंद आणि १४ मिमीला ३५ सेकंद येते. अधिक मेगापिक्सेलच्या सेन्सरवर याहूनही कमी वेळ ठेवावा लागतो.

अजिंठ्यात फ्लॅशला बंदी असून ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्यामुळे तेथे मोठे अ‍ॅपर्चर आणि स्थिरीकरण या दोन्हींची मदत होते. निकॉनमध्ये व्हीआर, कॅननमध्ये आयएस, टॅमरॉनमध्ये व्हीसी अशा नावांनी मिळणारे हे स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताची थरथर झाकते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. म्हणून भित्तिचित्रांना ते उपयोगी, लेझीम पथकाला निरुपयोगी.

वारी, मिरवणूक, बाजार

धूळ, गुलाल आणि पाऊस असलेल्या ठिकाणी लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर घाण बसवून घेणे. अशा वेळी क्रॉप सेन्सरवर १८ ते १३५ किंवा फुल फ्रेमवर २४ ते १०५ मिमीची एकच लेन्स लावून निघावे. जाणकार नाके मुरडतात ती १८ ते ३०० मिमीदेखील येथे समर्थनीय ठरते. बाजारातील गल्लीबोळांत फुल फ्रेमवर २८ किंवा ३५ मिमीची छोटी प्राइम लोकांना बुजवत नाही.

माउंट : विसरल्यास सर्वांत महाग पडणारी बाब

लेन्स बॉडीला जेथे जोडली जाते त्या कड्याला माउंट म्हणतात, आणि बहुतेक कंपन्यांचे माउंट वेगळे असतात. मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये आरसा नसल्याने माउंट व सेन्सर यांतील अंतर कमी झाले. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी होते, तर २०१८ साली आलेल्या झेड माउंटमध्ये १६ मिमी आहे. परिणामी जुनी डीएसएलआर लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून मिररलेसवर वापरता येते, परंतु मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर वापरता येत नाही. जुन्या लेन्स घेऊ पाहणाऱ्यांनी पुढील अडचणींची खात्री करून घ्यावी.

- निकॉनच्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडींमध्येही ती नाही, आणि झेड माउंटसाठी निकॉनने काढलेल्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्येही नाही. तेथे फोकस हातानेच करावा लागतो.
- कॅननच्या क्रॉप सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. ईएफ लेन्स मात्र अ‍ॅडॅप्टरसह आरएफ माउंटच्या मिररलेसवर चांगल्या चालतात.

वापरलेली लेन्स घेताना

डीएसएलआर सोडून मिररलेसकडे वळणाऱ्यांमुळे चांगल्या लेन्स सध्या कमी दरात मिळतात. व्यवहारापूर्वी पुढील तपासणी करावी.

1. दोन्ही झाकणे काढून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड मागून टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी असते. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. मुंबई आणि कोकणातील लेन्सबाबत ही तपासणी विशेष बारकाईने करावी.
2. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का आणि ती चटकन मिटतात का, हे पाहावे.
3. विटांच्या भिंतीचे समोरून, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर छायाचित्र काढून चारही कोपरे मोठे करून पाहावेत. एकच कोपरा धूसर असेल, तर लेन्स पडलेली असण्याची किंवा तिची भिंगे सरकलेली असण्याची शक्यता असते.
4. लेन्सवरचा अनुक्रमांक मूळ बिलावरच्या अनुक्रमांकाशी जुळवून घ्यावा.

घरी आणल्यावर लेन्स चामडी पिशवीत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय टाळावा. तांदळाची भुकटी झूमच्या कड्यात शिरते.

बिल, हमी आणि ग्राहकाचे हक्क

बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त आणि ‘बिलाशिवाय’ मिळणारी लेन्स सहसा अधिकृत आयातदाराकडून आलेली नसते व तिला भारतातील सेवा केंद्रात हमीची सेवा मिळत नाही. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. ही चिठ्ठी नसल्यास विक्रेत्याला विचारणा करावी. परदेशातील नातेवाइकांकडून लेन्स मागवतानाही हमी कोणत्या देशापुरती आहे, हे आधी वाचावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू असून त्यानुसार सदोष वस्तूबद्दल दाद मागता येते. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथे तोडगा न निघाल्यास राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि वकील देणेही सक्तीचे नाही. व्यावसायिक कारणासाठी केलेली खरेदी या कायद्याच्या कक्षेबाहेर असली, तरी स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याने त्यासाठीच घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली नाही. एकट्याने लग्नांची कामे करणाऱ्या छायाचित्रकारांनी ही तरतूद अवश्य लक्षात ठेवावी. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या जुन्या लेन्सला मात्र हे संरक्षण सहसा मिळत नाही, आणि म्हणूनच टॉर्च व भिंतीची तपासणी पैसे देण्यापूर्वीच उरकावी.